सुलाबाईचं तखत

झरीच्या काळ्या मातीवर ज्यानं घर बांधलं, त्याला एक गोष्ट लवकर कळते. ही जमीन स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात फुगते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अंगणात सिमेंट घाला, शहाबादी फरशी घाला, चार पावसाळ्यांत एक तुकडा वर आणि एक खाली. सुलाबाईच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, अंगणात पुन्हा पुन्हा फरशी घातली आणि पुन्हा पुन्हा उखडून टाकली. मग त्यानं जमिनीचा नादच सोडला.

परभणीतलं एक जुनं जिनिंग तेव्हा मोडीत निघालं होतं. चंद्रभान तिथं हमाली करायचा. माल विकायला काढला तेव्हा लोकांनी पत्रे घेतले, लोखंड घेतलं. चंद्रभाननं वरच्या माळ्याच्या सागवानी फळ्या घेतल्या. टेम्पोत घालून आणल्या. दगडी ठोकळ्यांवर बाभळीच्या तुळया टाकल्या, तुळयांवर फळ्या ठोकल्या. घरापुढं गुडघाभर उंचीचा, दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढा लाकडी ओटा तयार झाला. पाणी खालून वाहून जायचं. जमीन हवी तेवढी फुगायची, हवी तेवढी फाटायची. ओटा जागचा हलला नाही.

गल्ली त्याला तखत म्हणू लागली. चंद्रभान संध्याकाळी त्यावर पाय सोडून बसला की जाणारायेणारा सलाम ठोकायचा, "बादशाहा, काय हुकूम?"

चंद्रभानला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तखत सुलाबाईचं झालं.

सुलाबाईचं माहेर येलदरीचं. लहानपणी तिनं धरणाच्या काठावर होड्या उलट्या टाकून त्यांना तेल पाजताना पाहिलं होतं. लाकडाला तहान लागते, हे तिच्या मनात तेव्हापासून पक्कं. होळी झाली की ती पदर खोचायची. तखत रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, विटेच्या तुकड्यानं घासायची, दोन दिवस उन्हात सुकू द्यायची. मग घरच्या जवसाचं तेल कोमट करून जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं फळीफळीला चोळायची. सगळं गुडघ्यावर बसून. कुणी मदतीला आलं तर तिला ते आवडायचं नाही. "तू वरवर पुसायलीस," असं म्हणून ती समोरच्याच्या हातातला बोळा काढून घ्यायची.

एवढं कशासाठी, तर चैत्रासाठी. चैत्रात गल्लीतल्या बायका तखतावर कुरडया घालायच्या. पापड, शेवया, सांडगे, सगळं तिथंच. पहाटे चुलीवर गव्हाचा चीक शिजायचा आणि उजाडताना तखतावर धोतरं अंथरलेली असायची. सासू-सुनांची भांडणं तिथं मिटायची आणि नवी तिथंच सुरू व्हायची. वर्षभर सुलाबाई गल्लीतली एक साधी बाई असायची. चैत्रात मात्र सगळी गल्ली तिच्या दारात असायची. ती कुणाला सांगत नसे, पण तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसलं की उठवायला माणूस लागायचा. त्या वर्षी तखताला तेल मिळालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. फळ्या पांढुरक्या पडल्या, कडा उचलल्या. आणि या माघात शेजारची कडूबाई वाटी परत करायला आली असताना एक फळी मोडून तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

कडूबाई ओरडली त्याहून जास्त हसली. "सुले, मला जिती गाडायलीस का गं!" पण घोटा सुजला. आठ दिवस ती लंगडत होती.

सुलाबाईचा मुलगा भागवत याचं गावात बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. आईला जपणारा आहे. म्हणूनच त्यानं त्याच दिवशी संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर सांगितलं, "आई, हे काढून टाकू. चांगली टाइल्स घालू. आज कडूमावशीचा पाय होता, उद्या तुझा असंल."

"टाइल्स फुटतील."

"आता पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाई. खाली जाळी टाकतेत."

"तखताचं काय बिघडलंय? तेल न्हाई भेटलं त्याला."

"मग कोण पाजणार तेल? तू?" भागवतनं तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग जरा नरमला. "माणूस लाव. कुरडयांच्या आत सगळं नीट करून घे. बायकांनी घातल्या तखतावर कुरडया, तर ऱ्हाऊ दे. नसता अक्षय तृतीयेला टाइल्सवाला येणार म्हणजे येणार."

सुलाबाईनं मान हलवली. तिला एवढंच कळत होतं, की गल्लीतल्या बायका एकदा दुसऱ्या कुणाच्या गच्चीवर गेल्या की पुन्हा येत नाहीत. कडूबाईच्या पुतण्यानं नुकतंच स्लॅबचं घर बांधलं होतं. गच्ची मोठी होती.

तर माणूस लावायचा. आयुष्यात पहिल्यांदा.

पहिला आला योगीराज. फर्निचरचं काम करणारा, परभणीचा. त्यानं मोबाइलवर तखताचे फोटो काढले, बोटानं फळी टोकरली आणि म्हणाला, "काकू, आता लाकूड कोण ठेवतंय? फायबरची फळी येते. डिट्टो लाकडावानी दिसते."

"दिसायचं काय करू बाबा? माझ्याकडं लाकूडच हाय की."

योगीराज हसला, चहा प्याला आणि गेला. मोडलेली फळी तेवढी त्यानं बदलून दिली, हे त्याचं चांगलंच म्हणायचं.

दुसरा रंगारी होता. त्याला सगळ्या तखताला चॉकलेटी ऑइल पेंट मारायचा होता.

"त्याच्यावर गरम चीक सांडला तर?" सुलाबाईनं विचारलं.

"सांडू द्यायचा न्हाई," रंगारी म्हणाला.

तिसरा आला येडबा. त्याची बायको कोंडाबाई सुलाबाईच्या शेतात कापूस वेचायला यायची. तिनंच शब्द टाकला होता. "माय, माझा मानूस घरी बसून हाय. म्हंजी बसून तरी कुठं? उभाच असतो. मेंढरामागं उभं ऱ्हायची खोड. आता मेंढरं न्हाईत तर दारात उभा ऱ्हातो. जाताना-येताना मलाच अडखळाय होतं."

येडबानं मागच्या वर्षी मेंढरं विकली होती. चराईला रान उरलं नव्हतं आणि कुडाच्या पलीकडं प्रत्येकाचं शेत होतं. पन्नाशी ओलांडलेला, उंच, वाळलेला माणूस. आला तो तखतापासून दोन हात लांब चपला काढून उभा राहिला.

"लाकडाचं काम केलंयस का कधी?"

"न्हाई."

"मग?"

"सांगाल तसं करतो."

सुलाबाईला हे उत्तर आवडलं. आतापर्यंत सगळे तिलाच सांगत होते.

चार दिवस तिनं खुर्ची टाकून काम करून घेतलं. येडबा घासायचा आणि ती बोलायची. डावीकडं राहिलं. जोर लाव. एवढा नको. फळीच्या रेघेनं जा, आडवा कामून जायलास? येडबा एक शब्द उलट बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं फक्त एवढंच विचारलं, "माय, रात्री स्वप्नात बी मला रेघच दिसायलीय. तुमाला दिसते का?"

सुलाबाईला हसू फुटलं. फळ्यांचा पांढुरका थर गेला होता. आतून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं होतं. आता फक्त तेल राहिलं होतं.

त्याच वेळी परभणीहून मुलीचा, शीलाचा फोन आला. गुडघ्याच्या डॉक्टरची तारीख मिळाली होती. दोन दिवस तिच्याकडं राहायला लागणार होतं. सुलाबाईचं मन निघेना. पण भागवतची बायको भक्ती म्हणाली, "आत्या, जावा. मी हाय ना. काय करायचं ते त्याला सांगून जावा."

सुलाबाईनं येडबाला जवसाच्या तेलाचा डबा दाखवला. "हे कोमट करायचं. बोळ्यानं चोळायचं. लाकूड पिईल तेवढं पाजायचं. कळलं?"

येडबानं डब्याकडं बघितलं. झाकण उघडून वास घेतला. "हे तर खायचं हाय," तो म्हणाला.

"तेच," सुलाबाई म्हणाली आणि एसटीत बसली.

परत आली तेव्हा गल्लीच्या तोंडालाच तिला वास आला. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा वास. तिला वाटलं कुणाचा तरी ट्रॅक्टर बिघडलाय. वास घराकडं वाढत गेला.

तखत काळंभोर झालं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठं एक बोट सुटलं नव्हतं. काम इतकं मन लावून केलेलं होतं की बघत राहावं. बाजूला येडबा उभा होता. हातात तेलाचा डबा, काठोकाठ भरलेला.

"माय," तो म्हणाला, "तुमचं तेल वाचीवलं."



येडबानं सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याला जरा अभिमानच वाटत होता. बजरंगच्या गॅरेजात जाऊन त्यानं इंजिनातलं जळकं ऑइल मागून आणलं होतं. बजरंगनं फुकट दिलं. भक्ती सकाळपासून दुकानात होती, घरी अडवायला कुणी नव्हतं. दाराच्या चौकटीला, बैलगाडीला, कुडाच्या मेढींना लोक तेच लावतात. वाळवी फिरकत नाही. "खायचं तेल लाकडाला कसं लावावं, माय? त्याच्यावर लोक पाय देनार. आमी मेंढरामागं हिंडताना जवसाच्या तेलात भाकर चुरून दिवस काढलेत. ते तेल मी पायाखाली घालू? हात उचलंना माझा."

सुलाबाई पायरीवर बसली. या माणसावर चिडावं कसं, हेच तिला कळेना. त्यानं कामचुकारपणा केला असता, तेल चोरलं असतं, तर तिला शब्द सापडले असते. यानं तर अन्नाचा मान ठेवला होता.

"येडबा," ती शेवटी म्हणाली, "या तखतावर कुरडया घालतेत रे बाबा."

येडबानं तखताकडं बघितलं. मग हातातल्या डब्याकडं. मग हळूच डबा खाली ठेवला. आताच त्याला वास आल्यासारखं त्याचं तोंड झालं.

गल्लीला बातमी लागायला वेळ लागला नाही. कडूबाई आली, नाकाला पदर लावून उभी राहिली. "सुले, औंदा कुरडया तळायला तेल लागायचं न्हाई. तेल आतच हाय."

तिच्यामागून पलीकडच्या आळीतली धम्मशीला आली. अंगणवाडीत काम करते, जीभ धारदार. "ट्रॅक्टरच्या पंगतीला चालतील की. बजरंगला सांगा, जेवायला तेवढे घेऊन ये."

सगळ्या हसल्या. सुलाबाईही हसली. पण जाताना कडूबाईनं आवाज खाली आणून सांगितलं, "माझा गहू भिजत घातलाय गं. उद्या वाटायचाय. चीक काय थांबणार न्हाई. पुतण्या म्हणालाय, गच्चीवर घाला. मी अजून हो म्हणलं न्हाई."

भागवत संध्याकाळी आला. तखताभोवती एक चक्कर मारली. जेवताना म्हणाला, "आई, तू करून बघितलंस. आता ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत येडबा हजर. सोबत कोंडाबाई. ती आल्या आल्या नवऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "रातभर ह्यानं झोपू दिलं न्हाई. उठतो, बसतो, उठतो. म्या म्हनलं चल, जे व्हईल ते करू."

त्यांनी राख टाकून घासलं. सोड्याच्या पाण्यानं धुतलं. पांढरी माती कालवून थापली, उन्हात वाळू दिली, खरवडून काढली. माती काळी झाली आणि तखतही काळंच राहिलं. ऊन चढलं तसं लाकडातून ऑइल वर येऊ लागलं. येडबानं घरून आपली घोंगडी आणली आणि म्हणाला, "हिच्यावर घाला कुरडया. धुतलेली हाय."

"आन् मग कुरडयांची दाढी कोण करनार?" कोंडाबाई म्हणाली.

येडबा त्यावर हसला नाही. दुपारी तो तखताच्या कडेला उकिडवा बसला. हातात काम नसताना त्याला बसलेलं सुलाबाईनं पहिल्यांदाच पाहिलं.

"माय, माझी मजुरी देऊ नका," तो म्हणाला. "आन् दुसऱ्या कुनाला सांगू बी नका मला कामावर ठेवा म्हनून. मेंढरं राखनाऱ्यानं मेंढरंच राखावीत."

"मेंढरं कुठं हायत आता?"

"न्हाईत," तो म्हणाला.

सुलाबाई आत गेली. भक्ती दुकानात डबा द्यायला गेली होती, म्हणून भाकरी तिनंच टाकायला घेतली. या दोघांना उपाशी कसं ठेवायचं? पीठ मळताना तिच्या डोक्यात काही नव्हतं. ती नुसती थकली होती. पहिली भाकरी तव्यावर पडली. तिनं वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकलं, उलथणं घालून भाकरी उलटली. आणि ती तशीच उलथणं हातात धरून उभी राहिली. भाकरी करपली तेव्हा भानावर आली.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "येडबा, खालून बी लावलंस का रे ऑइल?"

"न्हाई. खाली हात जाईना."

"मग उलटू."

"काय?"

"फळ्या. सगळ्या फळ्या उलट्या करू. काळं खाली, खालचं वर."

येडबा उठून उभा राहिला. कोंडाबाईनं तोंडावर हात ठेवला.

भागवतला फोन गेला. तो आला तो वैतागूनच. "आई, इतक्या वर्षांत खालची बाजू कुणी बघितलीय का? वरचं असं झालंय तर खालचं सडून गेलेलं असंल. वाळवीनं पोखरलं असंल. तुझ्या डोळ्यांदेखत तुकडे होतील. कशाला बघायचं ते?"

सुलाबाईलाही आत तीच भीती होती. फळ्या वरूनच तिच्या ओळखीच्या होत्या. कोणत्या फळीला कुठं गाठ आहे हे ती अंधारात सांगू शकली असती. खाली काय आहे हे तिला माहीत नव्हतं. न बघता राहिलं तर निदान तखत चांगलं होतं असं आयुष्यभर म्हणता आलं असतं.

"एक काढा," ती म्हणाली.

येडबानं पहार घातली. खिळा गंजलेला, हलेना. येडबानं सगळं वजन टाकलं तरी हलेना. भागवत जरा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग बाह्या वर करून पहारीला त्यानं हात लावला. खिळा किंचाळत वर आला. दोघांनी फळी उचलून पालथी केली.

खालची बाजू सुकी होती. खडबडीत, करड्या-तांबूस रंगाची. फटीत अजून जिनिंगचा कापूस अडकलेला होता, पिवळा पडलेला. भागवतनं नखानं टोकरलं. नख आत गेलं नाही. त्यानं मूठ मारली. लाकूड वाजलं, भरीव.

"आयला," भागवत म्हणाला.

सुलाबाईनं वाकता येईल तेवढं वाकून कापसाचा तो धागा ओढून काढला आणि झटकून टाकला.

मग काम सुटलं. भागवतनं सोबत आलेला दुकानातला पोऱ्या परत पाठवला आणि शटर बंद करायला सांगितलं. तो आणि येडबा खिळे काढायचे, कोंडाबाई फळ्या झाडायची, भक्ती दगडावर खिळे ठोकून सरळ करायची. सगळ्या फळ्या चांगल्या निघाल्या असं नाही. नळाजवळच्या तीन फळ्यांना वाळवीनं खालून खाल्लं होतं, त्या हातात भुगा झाल्या. एक तुळईही टोकाला गेली होती. भागवत ती बघत राहिला.

"बजरंगचं ऑइल हिला लावायला पायजे होतं," तो म्हणाला.

"आता लागंलच की," भक्ती म्हणाली. "काळी बाजू खाली जायलीय ना? तुळयांवरच बसंल. वाळवी येईल कशी?"

सगळे थांबले. येडबाकडं बघायला लागले. येडबा खाली बघत होता, जणू पुन्हा काही चुकलंय.

"बग," कोंडाबाई त्याला म्हणाली, "सरळ करायला गेलास ते उलटं झालं, आन् माय उलटं करायला गेल्या ते सरळ झालं. आता तरी जेव."

सुलाबाईनं त्याच्या भाकरीवर जवसाची चटणी घातली आणि वर त्याच डब्यातलं तेल, हात आखडता न घेता. "आधी तू खा," ती म्हणाली. "पोटभर. मग लाकूड खाईल. दोघं बी कामाचेच हायत माझ्या."

येडबानं भाकरी चुरली. खाताना त्याची बोटं तेलानं भिजली होती आणि तो ती पुसत नव्हता.

तेल लावायला त्यानं बोळा घेतला नाही. तळहातानंच चोळलं. मात्र तेल लावलेल्या फळीवर त्याचा पाय एकदाही पडला नाही. भिंतीकडच्या टोकापासून सुरू करून तो मागं मागं सरकत गेला, जसा देवळातून निघताना कुणी देवाला पाठ दाखवत नाही तसा. सुलाबाई खुर्चीतून बोलत होतीच. डावीकडं राहिलं. गाठीपाशी जास्त घे. कोंडाबाईनं एकदा सहन केलं, दोनदा केलं. मग म्हणाली, "माय, तुमी तोंडानं घासू नका. लाकडाला निवांत पिऊ द्या जरा."

सुलाबाईनं तोंड मिटलं. हे तिला सोपं नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्याचा हात तिच्या तखतावर फिरत होता आणि तो तिच्यासारखा फिरत नव्हता. तिची चाल लांबट होती, त्याची गोल होती. थोड्या वेळानं तिला कळलं, की फरक फक्त एवढाच आहे. तेल सारखंच मुरत होतं.

अर्धं तखत झालं तेव्हा तिनंच थांबवलं. ओल्या तेलावर कुरडया घालता आल्या नसत्या. नळाकडची बाजू तशीच कोरडी ठेवायची, तिथल्या तीन फळ्यांची जागा सध्या मोकळी, आणि नव्या फळ्या अन् तेल चैत्र सरल्यावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुलाबाई लवकर उठली. दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. गल्लीत कुणी नव्हतं. कडूबाईच्या घरातून चिकाचा वास येत होता, म्हणजे पातेलं चुलीवर होतं. पातेलं कुठं जाणार हे त्या वासावरून कळत नव्हतं. पुतण्याच्या गच्चीवर दिवा लागलेला होता.

भागवतही बाहेर आला. मायलेक गल्लीकडं बघत उभे राहिले.

मग कडूबाईचं दार वाजलं. पुढं ती, हातात सोऱ्या. मागं तिची सून आणि धम्मशीला, दोघींच्या मधे कपड्यानं धरलेलं वाफाळतं पातेलं. कोपऱ्यावर येऊन कडूबाई थांबली. सून गच्चीकडं वळली.

"तिकडं कुठं?" कडूबाई म्हणाली. "जिना चढून पातेलं नेणार हायस का तू? मला घोट्यानं चढवंना. हिकडं ये."

तखतापाशी येऊन तिनं आधी एक पाय ठेवला. दाबून बघितला. मग दुसरा. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोरानं पाय आपटला. तखत हूं की चूं करेना. मग ती वाकली आणि फळीला नाक लावलं.

"वास हाय," ती म्हणाली.

सुलाबाईनं दाराची चौकट धरली.

"जवसाचा हाय. थोडा खालून बजरंगचा बी हाय," कडूबाई म्हणाली. "पन आता वाळू घातल्यावर दोन दिसांत जाईल. उभी काय ऱ्हायलीस सुले? धोतर आन."

कोरड्या बाजूला धोतरं पसरली. धम्मशीलानं सोऱ्या भरला. पहिली कुरडई गोल फिरत उतरली, मागोमाग दुसरी. हळूहळू बाकीच्या बायका आल्या, कुणी परात घेऊन, कुणी नुसतीच बोलायला. तांबडं फुटेस्तोवर एक धोतर भरलं होतं. उद्याचा दिवस कुणाचा यावरून धम्मशीला आणि कडूबाईच्या सुनेत जुंपली.

येडबाही आला. कामावर नव्हे, बघायला. लांब, चपला काढून, उभा. सुलाबाईनं त्याला जवळ बोलावलं.

"मिरगाच्या आधी खालून बघायला लागंल," ती म्हणाली. "तुळया, ठोकळे, सगळं. आन् ऱ्हायलेलं तेल. मग होळीला पुन्यांदा. दरसाल. जमंल का?"

"सांगाल तसं करतो," येडबा म्हणाला. मग तखताखाली वाकून म्हणाला, "तुळई मी बघतो. ते तुमाला खुर्चीतून दिसायचं न्हाई."

कोंडाबाई खुदकन हसली.

भागवत या गर्दीच्या कडेला उभा होता. त्याचा मोबाइल वाजला. टाइल्सवाल्याचा होता. माप घ्यायला कधी येऊ, असं विचारत असावा. भागवतनं तखताकडं बघितलं. बसायला जागा राहिली नव्हती.

"सध्या ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "न्हाई, पुढं ढकलायचं न्हाई. ऱ्हाऊच द्या."

"भागवत!" कडूबाई पातेल्यापासून ओरडली. "फोनवर काय बोलत बसलास रं, कावळा बग तिकडं!"

भागवतनं फोन खिशात घातला आणि काठी घेऊन धावला.